शेवटच्या वाफ्याला विचारा

आक्काबाईच्या नातीला सरकारात नोकरी लागली, ती चिखल उपसायची. निदान आक्काबाईला तरी तसंच समजलं होतं. पाटखेड्यात कोणी विचारलं, "अक्का, भूमिका काय करस व तठे?" की ती मान ताठ करून सांगायची, "समुद्र साफ करस." आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चालू पडायची. पुढचं तिलाही कुठं माहीत होतं!

घर पाटकऱ्यांचं. पांझरेवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघणारा पाट, पाटातून फुटणाऱ्या चाऱ्या, आणि चारीवर ज्याच्या त्याच्या रानाला पाळीनं पाणी सोडणारा तो पाटकरी. नवरा गेल्याला अकरा वर्षं झाली. काम मुलाकडे, आधारकडे आलं. पण आधार दार उघडण्याआधी एकदा आईच्या तोंडाकडे बघायचा, हे सगळं गाव जाणून होतं आणि आईही जाणून होती.

दसरा झाला, पाऊस ओसरला, आणि भूमिकाचा फोन आला. "आजी, परवा चारी साफ करायचा दिवस ना? मी सहा पाहुणे घेऊन येते. माडबंदरचे मासेमार आहेत."

"मासे खानारा माणसं! त्यासले मी काय रांधू?"

"कळण्याची भाकरी घाल. आणि आजी, त्यांच्याशी नीट बोल."

"मी कव्हय वाकडं बोलनू?" आक्काबाई म्हणाली आणि फोन ठेवून अर्ध्या तासात तिनं तीन घरी भांडून डुबुकवड्यांसाठी बेसन गोळा केलं.

पाहुणे सकाळी सातला आले. रात्रभर गाडीत बसून अंग आखडलेले पाच पुरुष आणि मागच्या बाकावरून सगळ्यांच्या शेवटी उतरलेली एक बाई. पुरुषांत पुढारी कोण ते सांगावं लागलं नाही. गजानन नाखवा. मच्छीमार सोसायटीचा चेअरमन, रुंद छाती, मनगटावर जाड कडं. त्यानं अंगणभर नजर फिरवून विचारलं, "नदी कुठाय?"

"तुमी आता जिना पूलवरून उनात, तीच."

"ती? मी म्हटलं नाला असंल."

आक्काबाईनं चहाची कपबशी त्याच्या हातात जरा जोरातच दिली. पाहुणा म्हणून सोडला, नाहीतर पांझरेला नाला म्हणणारा माणूस चहा न पिता परत गेला असता.

"आणि ह्या बाई?"

"चांगुणा. अर्जावर एका बाईची सही लागते म्हणून आणलीय," नाखवा हसत म्हणाला. बाकीचे चौघेही हसले. चांगुणा हसली नाही. उभ्यानंच चहा पीत ती आंब्याच्या झाडाकडे बघत राहिली.

भूमिकानं बाजेवर एक मोठा कागद पसरला. आक्काबाई शाळेत दुसरीपर्यंत गेलेली. अक्षरं तिच्याशी कधी फारशी बोलली नाहीत, पण आकडे तिचे होते. पाण्याच्या पाळ्या लावणाऱ्या घरात आकड्यांवाचून चालत नाही. आणि या कागदावर तर आकडेच आकडे. निळ्या कागदावर खसखस सांडावी तसे.

"हे काय शे?"

"समुद्राचा तळ, आजी. ही रेघ म्हणजे किनारा. प्रत्येक आकडा म्हणजे तिथलं पाणी किती मीटर खोल."

"कोन उतरनं व्हतं खाले?"

"कोणीच नाही. होडीतून खाली आवाज सोडतात. तो तळाला आपटून वर येतो. किती वेळात आला त्यावरून खोली कळते."

"विहिरीत हाक मारी दखतस तसं?"

"अगदी तसं."

आक्काबाईनं बोट कागदावर ठेवलं आणि हळूहळू सरकवलं. नऊ. अकरा. चौदा. वीस. जिच्यावर जन्मात कधी ऊन पडलं नाही, जिथं कुणाचा पाय लागला नाही, ती जमीन तिच्या बोटाखालून चालली होती. मग बोट किनाऱ्याकडे वळलं आणि आकडे पडत गेले. चार. दोन. खाडीच्या तोंडाशी तर एकालाही काही कमी.

"आठे तर म्हैस बसी."

"तेच तर दुखणं आहे," भूमिका म्हणाली. "होड्या आत-बाहेर करतात ती वाट ह्या तोंडातून जाते. गाळानं भरलीय. भरतीची वाट बघत तासन् तास बाहेर उभं राहावं लागतं. मागच्या साली अशीच एक होडी घाई करून आत शिरली आणि लाटेनं उलटली."

नाखव्यानं कपबशी खाली ठेवली. "माझा धाकटा भाऊ होता तिच्यावर," तो म्हणाला.

आक्काबाईचा पांझरेवरून आलेला राग तिथंच निवला. तिनं त्याच्या कपात न विचारता आणखी चहा ओतला.

"भरती म्हनजे?" तिनं जरा वेळानं विचारलं.

मग ते सगळेच एकदम सांगू लागले. समुद्र दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. उतरला की जिथं होड्या तरंगतात तिथं कुत्री फिरतात. भूमिकानं पिशवीतून एक पुस्तक काढलं. पुढच्या सालात कोणत्या दिवशी किती वाजता पाणी चढेल ते त्यात आधीच छापलेलं होतं.

आक्काबाईला ही थट्टा वाटली. "आसं? मंग सांग, येत्या अखाजीले कव्हय चढी?"

भूमिका पानं उलटायला लागली. नाखव्यानं पुस्तकाकडे पाहिलंसुद्धा नाही. "अखाजी म्हणजे अक्षय तीज ना? तिथीच्या आकड्याची पाऊणपट. सव्वादोन."

"दोन वाजून अकरा मिनिटं," भूमिकानं वाचलं.

 पाहुण्यांना त्यात नवल नव्हतं. नवल आक्काबाईच्या छातीत मावत नव्हतं.

"ही पाळी लावस कोन?"

"चंद्र," चांगुणा म्हणाली. तिचा तेवढाच शब्द.

आक्काबाईनं आभाळाकडे बघितलं. तिथं काहीच नव्हतं, नुसतं ऊन. चार फडांच्या, म्हणजे रानांच्या पट्ट्यांच्या, पाळ्या लावायच्या तर तिच्या घराला दर आठवड्याला कोणीतरी शिव्या घालून जायचं. आणि इथं एवढं पाणी, एवढ्या मुलखाचं, मिनिटाला चुकत नाही, आणि त्या पाटकऱ्याच्या दारात भांडायला जायची कोणाची छाती नाही! तिनं पदर नीट केला. देवळात करतो तसा.

"किती गाळ काढना शे?"

"सहा लाख घनमीटर. म्हणजे आपल्या ट्रॅक्टरच्या साधारण दोन लाख ट्रॉल्या."

"आणि टाकतस कोठे?"

"समुद्रातच. लांब नेऊन."

मग मात्र आक्काबाई उठून उभी राहिली. "फेकी देतस? गाळ? आमना आठे धरणना एक ट्रॉली गाळसाठे सख्खा भाऊ कोर्टात जातस! तो गाळ कोना वावरमा पडी म्हनीसन मंत्रीना पाय धरतस! दोन लाख ट्रॉली सोनं पानीमा टाकतस, आणि हाई पोर त्याना पगार घेस!"

"आजी—"

"काय आजी! आठे लई ये. मनी केळी दख कशी होतीस."

भूमिकानं पिशवीतून एक बाटली काढली. तपासणीसाठी तळातून काढलेला नमुना होता. काळाभोर, लोण्यासारखा. आक्काबाईनं झाकण उघडलं, चिमूट घेतली, अंगठ्यावर चोळली. असा मऊ गाळ तिनं जन्मात पाहिला नव्हता. मग शेतकरणी करतात तसं तिनं ते बोट जिभेला लावलं.

तिचं तोंड जे वाकडं झालं ते बघून आधारसुद्धा हसला, जो आईसमोर कधी हसत नाही.

"मीठ शे!"

"आजी, ह्या गाळात माडसुद्धा रडंल," नाखवा म्हणाला. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिथून पुढं पाहुणे घरचे झाले.

पाहुणे एवढ्या लांब कशासाठी आले ते आधारनं विचारलं, भूमिकानं सांगितलं. सोसायटीत भांडण होतं, गाळ कुठं टाकायचा याचं. गाळ टाकायच्या दोन जागा. एक जवळची, तीन किलोमीटरवर. तिथं टाकला तर पावसाळ्याच्या आत सगळी वाट मोकळी होते. दुसरी लांबची, अकरा किलोमीटरवर. फेऱ्यांनाच एवढा वेळ जातो की या साली अर्धीच वाट होईल, उरलेली पुढच्या साली. सोसायटीतले निम्मे म्हणत होते जवळ, निम्मे म्हणत होते लांब, आणि चार बैठकींत चारदा खुर्च्या उचलल्या गेल्या होत्या. सोसायटीच्या सहीचा अर्ज सोमवारी मंजुरीच्या समितीकडे गेला नाही तर पुढची बैठक एकदम पावसाळ्याच्या तोंडावर. वर्ष गेलंच म्हणायचं. शेवटच्या बैठकीत भूमिका चिडून बोलून गेली होती, 'आमच्या गावात पिढ्यान् पिढ्या चारीचा गाळ निघतो, एक भांडण पोलिसांत गेलेलं नाही.' नाखवा म्हणाला होता, 'दाखव.'

"आणि तुनं काय म्हननं शे? जवळ का लांब?" आक्काबाईनं नातीला विचारलं.

"आम्ही कॉम्प्युटरवर भरती-ओहोटी चालवून बघितली. जवळ टाकलेला गाळ बहुतेक तिथंच बसतो."

"बहुतेक?"

"बहुतेक," भूमिका म्हणाली आणि कागदाची घडी घालू लागली.

चारीवर सगळं गाव आलं होतं. ज्याचं जेवढं रान तेवढा चारीचा तुकडा त्यानं उपसायचा. आधार काठीनं मोजून देत होता. फावडी पडत होती, घमेली या हातातून त्या हातात जात होती, बाया हसत होत्या, कोणी कोणाच्या सासूचं काढत होतं. पाहुण्यांना बंधारा दाखवला. नाखवा त्या दगडांवर उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "मोटर कुठाय?"

"नही," आक्काबाई म्हणाली.

"मग पाणी वर कसं जातं?"

"वर नही जात. उतारवरी जास. हाऊ उतार जुना माणसंनी पायखाले समजीसन काढेल शे. एक बोटना फरक पडना तर पानी जागे थांबी जास."

नाखव्यानं चारीच्या तळाशी हात लावून बघितला. दर्यात जन्म काढलेला माणूस दोन हात रुंद चारीपुढं गुडघ्यावर बसला होता. आक्काबाईनं ते पाहिलं, आणि सकाळचा नाला तिनं मनातून माफ करून टाकला.

दुपार टळायला आली तशी फावडी थांबली. आता सगळे चारीच्या शेवटाकडे बघत होते. तिकडून एक बारका, काळा माणूस काठानं वर येत होता, एकटाच. लोटन. त्याचं रान एक एकर, चारीच्या अगदी टोकाला. प्रत्येक ढिगापाशी तो थांबायचा, बघायचा, पुढं सरकायचा. कोणी त्याला घाई करत नव्हतं.

छगनच्या ढिगापाशी तो थांबला तो थांबलाच. छगन म्हणजे सोळा एकर, दोन वेळचा सरपंच, पांढरे कपडे. त्यानं गाळ चारीच्या अगदी कडेला रचला होता.

"छगन आबा, हाऊ गाळ आठे नको."

"आरे लोटन, दोन हात तर लांब शे. राहू दे ना."

लोटन ढिगाशेजारी मांडी घालून बसला. झालं! पाटाच्या दाराला हात लावलेल्या आधारनं हात काढून घेतला. सगळं गाव उभं.

"हे काय चाललंय?" नाखव्यानं हळूच विचारलं.

"लोटन उठत नही तवलोंग पानी सुटत नही."

"एका एकरवाल्यासाठी?"

"एक एकर नही भाऊ," आक्काबाई म्हणाली. "शेवटला एकर. वरला माणूस गाळ काठवर टाकस आणि घर जाईसन जेवस. पहिलं पानी उनं का तोच गाळ खाले चालस, आणि जास कोना तोंडमा? लोटनना. मंग ज्याना तोंडमा जानार, त्यानीच सांगाना गाळ कोठे टाकाना. मी नवी नवरी व्हतू तव्हय मना सासरानी मना कडथाईन तीन पाट्या परत उचलाड्या. पाटकरीना घरनी सून, तरीबी."

तिकडे छगन चिडून बोलत होता. त्याची बायको ताईबाई त्याला म्हणाली, "उचला ना! पोटे भूक लागनी सर्वासले," आणि स्वतःच पाटी भरू लागली. मग मात्र माजी सरपंचानं पांढऱ्या बाह्या सारल्या. पाहुण्यांतला एकजण फोन काढून फोटो घ्यायला लागला तसा छगन ओरडला, "फोटू नको काढू रे भो!" आणि सगळी चारी हसली.

आक्काबाई नाखव्याकडे वळली. "तुमना शेवटला वाफा कोना शे?"

"आमच्याकडे वाफे नसतात, आजी."

"पानी शे ना? पानी शे तठे शेवट शे."

नाखव्यानं खांदे उडवले.  भूमिकानं मात्र कागद काढला आणि चारीच्या काठावर उलगडला. होड्यांची वाट तोंडातून आत येत होती, धक्क्यापाशी वळत होती, मग खाडी अरुंद होत होत आकडे विरळ होत गेले, आणि पुढं नुसता पांढरा कागद. एकही आकडा नाही.

"आठे काहीच नही लिखेल?"

"तिथं होडी जात नाही, आजी. ओहोटीला नुसता चिखल."

"मंग तठे कोन जास?"

"आमी जाताव."

चांगुणा होती. ती पुढं आली आणि तिनं त्या पांढऱ्या कागदावर पंजा ठेवला. "आमी बायका. तिसऱ्या येचायला, चिखलातल्या शिंपल्या. सात वर्षांमागं धक्क्यापुढला थोडा गाळ काढून जवळच टाकला व्हता. भरतीनं तो सगला आत आनला. दोन वर्सं तिसरी उघडली का आत चिखल. पोरांना काय घालाचं?"

"कधी बोलली नाहीस तू!" नाखवा म्हणाला.

"इचारला कोनी? सोसायटीत आमचा मत कुठाय? होडी नाय ना."

भूमिकाचा चेहरा उतरला. साठ होडीवाल्यांना ती भेटली होती, एकेकाच्या घरी जाऊन चहा प्यायली होती. तिला वाटत होतं आपण सगळ्यांना विचारलं. आक्काबाईच्या जिभेवर एक वाक्य आलं होतं, असं की पोर महिनाभर विसरली नसती. तिनं ते गिळलं. एवढंच म्हणाली, "पाटकरीनी नात शे तू."

"हो," भूमिका म्हणाली. "चुकलं माझं."

नाखवा काठावर बसून राहिला. लांबच्या जागेला सही करायची म्हणजे यंदा अर्धीच वाट. बाहेर ताटकळणं आणखी एक साल, आणि भाऊ तर तसाच ताटकळून गेला होता. चौघेही त्याच्याकडे बघत होते. कोणी खुर्ची उचलली नाही, उचलायला खुर्ची नव्हती हेही खरंच.

"गजा," चांगुणा म्हणाली, आणि त्याला अशी एकेरी हाक मारताना तिला कोणी पहिल्यांदाच ऐकत असावं. "तोंडाकडला आदी काढा. मानसं तिथं मरतान. धक्क्याकडला फुडच्या वर्साला."

"माझ्या होड्या धक्क्याला लागतात."

"माला ठाव हाय."

नाखवा तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं छगनकडे बघितलं. सोळा एकरचा तो माणूस शेवटची पाटी डोक्यावर घेऊन चालला होता, गाळाचं पाणी त्याच्या मानेवरून सदऱ्यात उतरत होतं. लोटन उठला, त्यानं मागची माती झटकली. आधारनं दार उचललं. पाणी चारीत शिरलं, आधी काडीकचरा ढकलत, मग आपलं आपण, आणि माडबंदरचे पाचही जण न ठरवता त्याच्याबरोबर चार पावलं चालले.

"अर्ज काढ, बाय," नाखवा भूमिकाला म्हणाला. "लांबची जागा. तोंड आधी. आज सही करतो, उद्या मन फिरलं तर?"

भूमिका तिथंच लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. जागा बदलली, एका सालाच्या कामाचे दोन टप्पे केले. आक्काबाई तिच्या बोटांकडे बघत होती. ह्या बोटांना तिनं पहिला आकडा दारातल्या धुळीत काढून शिकवला होता, आणि आता ती बोटं इथं चारीच्या काठावर बसून, कधी न पाहिलेल्या समुद्रातल्या दोन लाख ट्रॉल्या इकडून उचलून तिकडे ठेवत होती. चंद्राचा हिशेब जुळवत होती. चिखल उपसायची नोकरी! आक्काबाईला स्वतःच्याच तोंडाची लाज वाटली, जी तिला वर्षातून एखाद्या वेळीच वाटते.

"इथं एक रकाना आहे," भूमिका म्हणाली. "कामामुळे ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांची नावं. मी कोरा ठेवला होता. चांगुणाताई, किती बायका जाता तुम्ही तिथं?"

"एक्केचालीस."

"नावं सांगाल?"

चांगुणा चारीच्या काठावर टेकली. डोळे मिटले. चिखलात कोण कुठं बसतं ते डोळ्यांपुढं आणून, त्याच ओळीनं ती एकेक नाव घेऊ लागली. थांबत नव्हती, अडखळत नव्हती. नाखवा ऐकत होता. त्यातलं एक नाव आलं तेव्हा तो चमकून म्हणाला, "ती पण जाते?" ती त्याची चुलती होती. लोटन येऊन बसला. ताईबाई बसली.  पाणी मागून वाहत होतं आणि नावं पुढं चालली होती, पांढऱ्या कागदावरची, आजवर कोणत्याही कागदावर न आलेली.

भाकऱ्या गार होत होत्या. छगन हात धुऊन आला आणि त्यानं मोठ्यानं विचारलं, "अक्का, जेवनना काय? बठ्ठा गाव भूका शे."

आक्काबाईनं त्याच्याकडे न बघता हात वर केला.

"थांब. नावं चालू शेतस."